खडप तेच, खोली रोज वेगळी: सोनारच्या नोंदी का जुळत नाहीत

एकाच खडपावरून, म्हणजे पाण्याखालच्या खडकावरून, बोट सकाळी गेली तेव्हा फिशफाइंडरने (आवाजाच्या पडसादावरून खोली मोजणाऱ्या सोनार यंत्राने) १५.९ मीटर पाणी दाखवलं. संध्याकाळी परतताना त्याच जागी १३.६. पुढच्या फेरीला १४.८. यंत्राच्या मेमरी कार्डावर नोंदी साठत गेल्या, तसतसा नकाशा स्पष्ट होण्याऐवजी गढूळ होत गेला. फिशफाइंडरच्या नोंदी साठवणाऱ्या बोटींवर ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि खापर यंत्रावर फुटतं. यंत्र बदललं तरी तक्रार तिथेच राहते, कारण यंत्राने बहुधा बरोबर मोजलेलं असतं. त्या आकड्यासोबत जे लिहायला हवं ते आपण लिहीत नाही, किंवा चुकीचं लिहितो.

आमची बोट कोकणातल्या हर्णै बंदराची. दादा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे, बाबा आता किनाऱ्यावरचं बघतात, आणि कार्ड घरी आलं की लॅपटॉपला लावून नोंदी जुळवायचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या हंगामात मी दिलेल्या नकाशावर भरवसा ठेवून दादाने जाळं ओढलं आणि ते खडपाला लागलं. जाळ्याचं पोट पार फाटलं, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारा एक बोर्ड गेला. नकाशावर त्या जागी खडप नव्हतंच. उलट आजूबाजूपेक्षा थोडं खोल दिसत होतं. चार मीटर उंचीचं खडप माझ्या नकाशावर खड्डा होऊन बसलं होतं. ते कसं झालं हे शोधायला मला तीन आठवडे लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वेळ तपासा

नोंदी जुळत नसतील तर पहिल्यांदा सेन्सर नाही, केबल नाही, घड्याळ बघा. सोनार बोटीपासून तळापर्यंतचं अंतर मोजतो आणि बोट ज्या पृष्ठभागावर तरंगते तो भरती-ओहोटीने वर-खाली होत असतो. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, आमच्या पट्ट्यात अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो, मुंबईकडे तो बराच वाढतो, मालवण-वेंगुर्ल्याकडे कमी होतो. म्हणून प्रत्येक नोंदीतून त्या वेळची भरतीची उंची वजा करून सगळं एका पातळीवर आणावं लागतं. छापील सागरी नकाशेही हेच करतात. त्यांवरची खोली नीचतम ओहोटीच्या जवळपासच्या पातळीपासून धरलेली असते आणि भरतीच्या तक्त्यातल्या उंचीही त्याच पातळीपासून असतात.

हे मला माहीत होतं आणि मी वजाबाकी करतही होते. तरी नकाशा बिघडत होता. वजाबाकीआधी सकाळ-संध्याकाळच्या नोंदीत २.३ मीटरचा फरक होता, वजाबाकीनंतर तो ४.६ झाला. औषधाने दुखणं दुप्पट झालं.

चूक बाबांनी पकडली. मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होते, "पौर्णिमा, सकाळी सहा वाजता खडपावर, ओहोटी."

बाबा जाळ्याची सुई खाली ठेवून म्हणाले, "सहाला? अगं, त्या दिवशी आपण आठ वाजता बर्फ भरला. सहाला बोट खडपावर कशी असेल?"

मग त्यांनी पाऊणकी लावली. आपल्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे त्या दिवशी पाणी भरलेलं असणार साधारण सव्वाअकराला. अष्टमीला आठ पाऊण सहा. हा हिशेब मिनिटाला पक्का नसतो, पण अर्ध्यापाऊण तासात बसतो, आणि मोठी चूक धरायला तेवढं पुरतं. "बोट साडेअकराला तिथे असेल," बाबा म्हणाले, "आणि साडेअकराला ओहोटी नाही, भरलेली भरती."

साडेअकरा आणि सहा. बरोबर साडेपाच तासांचा फरक. जीपीएस जगाच्या प्रमाण वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतो आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. यंत्राच्या पडद्यावर भारतीय वेळ दिसते कारण आपण ती सेट केलेली असते, पण कार्डावर लिहिलेल्या फायलीत बऱ्याच यंत्रांमध्ये यूटीसीच राहते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात. साडेपाच तासांची चूक झाली की तुम्ही भरतीच्या नोंदीला ओहोटीची आणि ओहोटीच्या नोंदीला भरतीची दुरुस्ती लावता.

त्या दिवसाचे आकडे मांडते. भरती ११:२० ला २.९ मीटर, ओहोटी १७:३५ ला ०.५ मीटर. साडेअकराची नोंद १५.९. त्यातून २.९ वजा केले की १३.० राहतात. संध्याकाळी साडेपाचची नोंद १३.६. त्यातून ०.५ वजा केले की १३.१. खडपाचा माथा दोन्ही वेळा एकाच जागी आला. पण मी काय केलं होतं? पहिल्या नोंदीला सकाळी सहाची पातळी लावली, तेव्हा ओहोटी ०.५, उत्तर १५.४. दुसरीला दुपारी बाराची लावली, तेव्हा पाणी २.८, उत्तर १०.८. आणि खडपाच्या बाजूचा सपाट तळ, जो खरा १७ मीटर आहे, तो संध्याकाळी १७.५ असा नोंदला गेला होता. त्यातून २.८ वजा होऊन तो १४.७ झाला. नकाशा काढताना मी संध्याकाळच्या खडपावरच्या नोंदी भोवतालाशी विसंगत म्हणून गाळल्या आणि सकाळच्या ठेवल्या. झालं. भोवतालचा तळ १४.७, खडपाचा माथा १५.४. उंचवट्याचा खड्डा झाला तो असा.

तपासायचं कसं? पुढच्या फेरीला यंत्रावर नोंद सुरू करताना तांडेलाला मोबाइलमधली वेळ वहीत लिहायला सांगा. फाईल घरी उघडली की पहिल्या ओळीची वेळ त्याच्याशी ताडून बघा. साडेपाच तास मागे असेल तर प्रत्येक ओळीत साडेपाच तास मिळवा. मात्र एक बघा, काही सॉफ्टवेअर लॅपटॉपची वेळ बघून हे आपणहून करतात. मग तुमचे साडेपाच मिळवले की अकरा तास होतात. म्हणून मिळवण्याआधी आणि मिळवल्यावर, दोन्ही वेळा पहिली ओळ वहीशी लावून बघा.

याच साडेपाच तासांचा आणखी एक घोळ असतो. पहाटे चारला निघालेल्या बोटीची फाईल यूटीसीप्रमाणे आदल्या रात्री साडेदहाची होते, म्हणजे तारीखच आदल्या दिवसाची पडते. "बुधवारची फाईल गायब आहे" म्हणून मी दोनदा कार्ड उलटंपालटं केलं आहे. ती मंगळवारच्या नावाने तिथेच होती.

मधल्या वेळेची पातळी

तक्त्यात फक्त भरती आणि ओहोटीच्या वेळा आणि उंची मिळतात. मधल्या वेळेसाठी बारा हिश्श्यांचा जुना नियम पुरतो. पूर्ण उताराचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. २.९ पासून ०.५ म्हणजे २.४ मीटरचा उतार, एक भाग २० सेंटिमीटरचा. मधल्या दोन तासांत पाणी तासाला ६० सेंटिमीटर उतरतं. तिथे वेळ अर्ध्या तासाने चुकली तर खोली ३० सेंटिमीटरने चुकणार. भरतीच्या किंवा ओहोटीच्या टोकाशी तेवढीच चूक झाली तर पाच-सात सेंटिमीटरांवर भागतं.

यावरून मी दादाशी एक गोष्ट ठरवून घेतली. मासळीच्या फेरीत नोंद जशी मिळेल तशी घ्यायची, पण मुद्दाम नकाशासाठी एखाद्या जागी आडव्या-उभ्या फेऱ्या मारायच्या तर त्या भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत मारायच्या. अष्टमीच्या आसपास पाणी फार हलत नाही. पातळीच कमी बदलली की दुरुस्तीतली चूकही लहान राहते. उधाणाच्या दिवशी काढलेला नकाशा मला आता बघावासाही वाटत नाही.

ताटलीची परीक्षा

वेळ दुरुस्त केल्यावर बहुतेक फेऱ्या जुळल्या. तरी काही फेऱ्या सरसकट ८० सेंटिमीटरनी वेगळ्या येत होत्या. वर-खाली न होता सगळी फेरी सारखीच सरकलेली असेल तर ती सेन्सरच्या खोलीची गोष्ट असते.

सेन्सर बोटीच्या बुडाशी असतो. तो मोजतो ते स्वतःपासून तळापर्यंत. पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली हवी असेल तर सेन्सर जितका पाण्याखाली आहे तितकं अंतर सेटिंगमध्ये अधिक करावं लागतं. उलट काही तांडेल बुडाखाली किती पाणी उरलं हे बघतात, त्यासाठी वजा आकडा भरतात. दोन्ही बरोबर आहेत, कामं वेगळी आहेत. आमच्याकडे झालं होतं ते असं: आंजर्ल्याच्या खाडीत शिरताना मुखाशी गाळ असतो, म्हणून दादा तिथे बुडाखालचं पाणी बघायला सेटिंग बदलायचा आणि पुढच्या फेरीला कधी परत करायचा, कधी विसरायचा. त्याच्या जागी तो बरोबरच होता. खाडीच्या तोंडावर सात माणसं बोटीत असताना त्याने माझ्या नकाशाचा विचार करावा अशी माझी अपेक्षा नाही. आता सेटिंग कायम पृष्ठभागाचं ठेवलंय आणि यंत्राच्या चौकटीवर रंगाने लिहिलंय, "बुडाखाली = आकडा वजा दीड". खाडीत शिरताना तो मनात वजा करतो.

सेटिंग बरोबर आहे का हे बघायची सोपी परीक्षा आहे. बोट शांत पाण्यात उभी करा. लोखंडी जाड पत्र्याची ताटली घ्या, आम्ही जुन्या तव्याला तीन भोकं पाडली आहेत. तिला न ताणणारी दोरी बांधा आणि पाण्याच्या रेषेपासून मोजून बरोबर ५ मीटरवर गाठ मारा. ताटली सेन्सरच्या सरळ खाली येईल अशी सोडा. पडद्यावर एक ठळक आडवी रेघ उमटते. ती ५.० वर यायला हवी. आमची ४.२ वर आली. म्हणजे सेन्सर पाण्याखाली ८० सेंटिमीटर होता आणि सेटिंगमध्ये शून्य होतं. ०.८ भरलं, रेघ ५.० वर आली. खात्रीसाठी दोरी ३ मीटरवर धरून पुन्हा बघितलं.

ही परीक्षा बोट रिकामी असताना केली की भरल्यावर, तेही लिहून ठेवा. बर्फ, डिझेल आणि पाणी घेऊन बोट निघते तेव्हा ती अर्धी-एक वीत खाली बसलेली असते. मी तेवढ्या फरकासाठी दुरुस्ती करत नाही, पण परीक्षेची नोंद वहीत असते.

आवाजाचा वेग हा विषय लोक फार ताणतात. सोनार आवाज सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, म्हणून पाण्यातला आवाजाचा वेग मोजणीत येतो. कित्येक यंत्रं तो सेकंदाला १५०० मीटर धरतात. आपल्या गरम, खाऱ्या पाण्यात तो १५४० च्या आसपास असतो. त्यामुळे २० मीटर पाणी साडेएकोणीस दिसतं. पण ही चूक प्रत्येक फेरीला सारखीच होते, म्हणून नोंदी आपसात जुळत नाहीत त्याचं कारण ती नाही. फक्त यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर सेटिंगं मूळपदावर गेली आणि खाऱ्याचं गोडं पाणी झालं, असं होतं. अद्ययावत केल्यावर सगळी सेटिंगं एकदा डोळ्याखालून घाला.

मीटर, फूट आणि वाव

बाबांच्या जुन्या वहीत खोल्या वावात आहेत. इंग्रजी फॅदम १.८३ मीटरचा. पण बाबांचा वाव म्हणजे शिशाचं वजन बांधलेली दोरी ओढताना पसरलेले दोन हात, आणि बाबांची उंची साडेपाच फूट. त्यांनी हात पसरले आणि मी टेपने मोजले, १.६८ मीटर भरले. आठ वाव म्हणजे फॅदमच्या हिशेबाने १४.६ मीटर, बाबांच्या हातांनी १३.४. ज्या खडपाने आमचं जाळं खाल्लं, त्याच्यापुढे त्यांच्या वहीत "आठ वाव, भांग" असं लिहिलेलं होतं. तेरा मीटरच्या माथ्याशी ती बऱ्यापैकी जुळते. पस्तीस वर्षांपूर्वीची नोंद आणि त्यांनी तिथे भांगही लिहून ठेवला होता. घरात अशी वही असेल तर ती टाकू नका, आणि ज्याने ती लिहिली त्याचे हात मोजून घ्या.

फाईल अर्धवट का राहते

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे फाईल उघडत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एक तरी अशी निघायची. कारण इतकं साधं होतं की सापडल्यावर वाईट वाटलं. दादा बोटीवर चढला की आधी यंत्र चालू करायचा, नोंद सुरू करायचा, मग इंजिनाचा स्टार्टर मारायचा. स्टार्टर बॅटरीतून इतका करंट ओढतो की क्षणभर व्होल्टेज पडतं आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. त्या क्षणी उघडी असलेली फाईल नीट बंद होत नाही. पडद्यावर सगळं पूर्ववत दिसतं, त्यामुळे कळतही नाही. आता क्रम उलटा: आधी इंजिन, मग यंत्र, मग नोंद. आणि बंद करताना आधी नोंद थांबवायची, "फाईल जतन झाली" असं दिसेपर्यंत थांबायचं, मग यंत्र.

शक्य असेल तर यंत्रांसाठी वेगळी बॅटरी घ्या. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेल्या बोटींवर एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढून यंत्र चालवलेलं दिसतं. त्याने ती एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते. मध्ये कन्व्हर्टर लावणं हाच उपाय.

कार्डाचं दोन वाक्यांत सांगते. कित्येक यंत्रांना ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड वाचता येत नाही, आणि एफएटी३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून दिवसभर एकच नोंद चालू ठेवू नका, दोन-तीन तासांनी थांबवून नवी सुरू करा. कार्ड लॅपटॉपवर नाही, यंत्रातच फॉरमॅट करा, आणि तेही घरी दोन ठिकाणी प्रत झाल्याची खात्री पटल्यावर.

नोंदीत शिरणारी घाण

काही उड्या ओळखायला शिकलात की पुष्कळ वेळ वाचतो. उथळ आणि कडक तळावर आवाज तळावरून पृष्ठभागावर, तिथून पुन्हा तळावर असा दोनदा जातो आणि यंत्र दुसरा पडसाद धरतं. मग १२ मीटरचे अचानक २४ होतात आणि थोड्या वेळाने परत १२. बरोबर दुप्पट आकडा दिसला की तो दुसरा पडसाद समजा, ती ओळ काढून टाका. यंत्रावर गेन, म्हणजे पडसाद पकडण्याची तीव्रता, कमी केला आणि रेंज हाताने २० मीटरवर ठेवली तर हे बरंचसं थांबतं. याउलट ०.६, १.१ असे आकडे मधूनच आले तर ते बुडबुडे. दुसऱ्या बोटीच्या फेसातून जाताना किंवा रिव्हर्स टाकल्यावर येतात. आणि शेजारच्या बोटीचा फिशफाइंडर त्याच २०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर पडद्यावर तिरप्या ठिपक्यांच्या रेघा दिसतात. त्यांना माशांचा थवा समजून मी एकदा दादाला जागा सांगितली होती.

हंगाम सरत आला की खोली वारंवार हरवायला लागते, यंत्र नुसत्या रेघा मारतं. तेव्हा सेन्सरवर शेवाळ आणि शिंपले चढलेले असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोट वर काढलेली असते, तेव्हा सेन्सर साबणाच्या पाण्याने आणि लाकडी पट्टीने साफ करा. बुडाला लावायचा तांब्याचा रंग त्याच्यावर लावू नका. कामगार सरसकट ब्रश फिरवतात, म्हणून मी आदल्या दिवशीच त्यावर टेप चिकटवते.

एक खडप जाताना एका जागी आणि येताना पंधरा मीटर पुढे दिसत असेल तर जीपीएसचा अँटेना आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बघा. अँटेना केबिनच्या छपरावर, सेन्सर सात मीटर मागे. जाताना खडप एका दिशेला सात मीटर सरकतं, येताना दुसऱ्या. दोन खुणांच्या मधोमध खरी जागा असते.

वही आणि फायली

माझी पद्धत साधी आहे. यंत्रातून आलेली मूळ फाईल कधीही बदलायची नाही. ती एका फोल्डरमध्ये, तिची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क मावशीच्या घरी दापोलीला. दुरुस्त केलेली फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग फेरी, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. वेळ बदलली असेल तर नावाच्या शेवटी "भारतीयवेळ" असा शब्द. खुणा आणि मार्ग मी जीपीएक्स या प्रकारच्या फाईलमध्ये वेगळे काढून ठेवते, कारण प्रत्येक कंपनीच्या सोनार फायली वेगळ्या असतात पण जीपीएक्स जवळपास सगळीकडे उघडतं. नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते, ते मोफत आहे.

दादाच्या वहीत प्रत्येक फेरीला एक ओळ. नोंद सुरू केल्याची घड्याळातली वेळ, तिथी, उधाण की भांग, बर्फ किती, आणि शेवटी "सेटिंग बदललं का, हो-नाही". पहिले दोन महिने तो लिहायला कंटाळायचा. जाळं फाटल्यानंतर मला सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट नकाशा वापरणाऱ्याला माहीत हवी. खडपाची नोंद वर्षानुवर्षं चालते, वाळूची आणि गाळाची नाही. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी वाळूचे बार सरकतात. म्हणून मुखाच्या जुन्या नोंदी मी ऑगस्टमध्ये नकाशावरून काढूनच टाकते. नव्या येईपर्यंत ती जागा कोरी राहते. जुनी खोली दिसत राहिली की माणूस तिच्यावर विसंबतो.

जागा सांगताना

आमची खडपं आम्ही कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगत नसाल. काही यंत्रांमध्ये आणि मोबाइल ॲपमध्ये तुमच्या नोंदी सगळ्यांसोबत वाटायचा पर्याय असतो. तो चालू आहे की बंद, एकदा बघून घ्या. पण बुडालेल्या बोटीचा सांगाडा किंवा तुटून खाली पडलेलं लोखंड सापडलं तर ते लपवणं मला पटत नाही. तिथे कुणाचंही जाळं जाऊ शकतं, माणूस जाऊ शकतो.

असा एक सांगाडा दादाला सापडला आणि आम्ही जागा सगळ्या बोटींना कळवली. आठ दिवसांत एका बोटीचं जाळं तिथेच अडकलं. त्यांनी जागा यंत्रात भरली होती, पण खूण पडली होती सहाशे मीटर उत्तरेला. आमच्या यंत्रात जागा अंश आणि दशांश मिनिटांत होती, त्यांच्या यंत्रात अंश, मिनिटं, सेकंदांत. समजा १७ अंश ४८.५० मिनिटं असं असेल, तर त्याचा अर्थ ४८ मिनिटं आणि अर्धं मिनिट, म्हणजे ३० सेकंद. त्यांनी ४८ मिनिटं ५० सेकंद भरलं. वीस सेकंदांचा फरक. अक्षांशाचा एक सेकंद जवळपास ३१ मीटरचा, म्हणजे ६१७ मीटर. दोन्ही तांडेल आपापल्या जागी बरोबर होते आणि जाळं मात्र गेलं.

तेव्हापासून आमच्याकडून जागा जाते ती दोन्ही पद्धतींनी, अक्षरांत लिहून: "सतरा अंश, अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच शून्य मिनिटं, म्हणजेच सतरा अंश, अठ्ठेचाळीस मिनिटं, तीस सेकंद. खोली नीचतम ओहोटीपासून, मीटरमध्ये." रेखांशही तसाच. वायरलेसवर सांगताना दादा "पूर्णांक" हा शब्द दोनदा म्हणतो, आणि पलीकडच्याने वाचून दाखवल्याशिवाय सेट खाली ठेवत नाही.